माझ्या भावाने शपथ घेतली नव्हती

पाद्री साहेबांना खुर्ची दिली. मला अंगणात उन्हात उभं केलं. डोक्यावर शास्त्र ठेवून.

गोंदियाच्या कचेरीतली ही गोष्ट. पहिल्या जर्मन लढाईच्या दिवसांतली. मी बावीस वर्षांचा होतो, मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि त्या दिवशी साक्षीला आलो होतो. पिंजऱ्यात माझा धाकटा भाऊ होता, सोमा. पलटण सोडून पळाला असा त्याच्यावर ठपका होता.

समोर ऑनररी मॅजिस्ट्रेट बसले होते. आमच्याच भागातले मालगुजार. पहिली साक्ष पाद्री साहेबांची झाली. पेशकाराने लाल कापडात बांधलेलं शास्त्र, म्हणजे बायबल, पुढे केलं. साहेबांनी हात मागे घेतला. म्हणाले, "मी शपथ घेत नाही. माझ्या धर्मात ती मना आहे. मी खरं तेच सांगेन." मॅजिस्ट्रेट लगेच म्हणाले, जरूर, जशी आपली मर्जी. पेशकाराने कागदावर काही खोडलं, काही लिहिलं. एवढंच. साहेबांनी बसून साक्ष दिली. कोण सोमा, कुठला, मिशनमध्ये कधीपासून. सगळं खरं सांगितलं.

मग माझी पाळी आली. मी तीच वाक्यं बोललो. शब्द न् शब्द तीच. मला ती साहेबांनीच शिकवली होती.

पेशकार हसला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाले, "साहब का ईमान तो समझ में आता है. तेरा कहाँ से आया? कल तक तेरा बाप मरे ढोर घसीटता था."

मी म्हणालो, हुजूर, शपथ घेऊ नका असं याच पुस्तकात लिहिलं आहे.

"तो इसे सिर पे रख," ते म्हणाले. "जब समझ में आ जाय तब उतार."

चपराशी मला अंगणात घेऊन गेला. पुस्तक डोक्यावर ठेवताना त्याने ते वीतभर उंचीवरून सोडलं. त्याची बोटं माझ्या केसांना लागू नयेत म्हणून. ते घसरलं तेव्हा मीच दोन्ही हातांनी सावरलं. तसाच उभा राहिलो. कचेरीत कामाला आलेले लोक बघत होते. कोणी तरी विचारलं की हा पुस्तक विकतो काय. ओट्यावर खुर्चीत पाद्री साहेब होते. त्यांनी हॅट मांडीवर घेतली होती आणि ते हॅटच्या आत बघत होते.

आता हे सगळं कसं झालं ते सांगतो. यात दुसऱ्यांचा दोष आहे. माझा जास्त आहे.

कुडव्याच्या पुढे शेतांच्या कडेला आमची मिशनची वस्ती होती. पंचवीसेक घरं, एक देऊळ, एक शाळा. देऊळ म्हणजे आमचं प्रार्थनेचं घर, पण आम्ही त्याला देऊळच म्हणायचो. माझा बाप जाडंभरडं कापड विणायचा आणि गावची मेलेली ढोरं ओढायचा. मी सहा वर्षांचा असताना आम्ही सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोमा तेव्हा आईच्या कडेवर होता. त्याचं नाव शिमोन ठेवलं. आई मात्र शेवटपर्यंत सोमाच म्हणत राहिली.

आमचं मिशन इतर मिशनांसारखं नव्हतं. आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. हत्यार धरायचं नाही. शपथ घ्यायची नाही. राजकारणात आणि कचेरीच्या भानगडीत पडायचं नाही. राजाचं राज्य राजाला, आपलं राज्य निराळं. पाद्री साहेबांचे आजोबा त्यांच्या देशात पलटणीत जायला तयार झाले नव्हते. त्यांना तुरुंगात टाकलं, त्यांची जमीन काढून घेतली, तरी त्यांनी बंदूक उचलली नाही. ही गोष्ट साहेब दर वर्षी नाताळात सांगायचे. सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. आम्हालाही रडू यायचं. होता होता ते आजोबा आमचेच झाले. आमच्या सख्ख्या आजोबाचं नाव मला ठाऊक नव्हतं, पण साहेबांच्या आजोबांना कोणत्या गावी बेड्या घातल्या ते ठाऊक होतं.

शपथेची गोष्ट तर आमच्या वस्तीत फारच मुरली होती. बाजारात भाव करतानासुद्धा आमची माणसं "आईशपथ" म्हणत नसत. कुडव्याचे लोक चिडवायचे, याईले कसम देऊन पाहा, पळतात. आम्हाला त्याचा अभिमान होता. गावाने आमच्याकडून पाण्यापासून सावलीपर्यंत सगळं काढून घेतलं होतं. पण आमची जीभ आमची होती. होय म्हणजे होय, नाही म्हणजे नाही. एवढी एक ऐट आमच्याकडे होती.

मग लढाई आली. सरकारने परदेशी मिशनांकडून लिहून घेतलं की आम्ही सरकारच्या कामात आडवे येणार नाही. साहेबांनी सही केली. केली नसती तर त्यांना परत धाडलं असतं, शाळा बंद झाली असती. हे मला त्यांनी समजावून सांगितलं. मला पटलं. आजही अर्धं पटतं.

पुढच्या महिन्यात भरतीचा कागद आला. रविवारी प्रार्थनेनंतर नोटिसा वाचणं हे मास्तरचं काम. साहेबांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "वाचून दाखवा. मी सांगणार नाही आणि अडवणारही नाही." आणि मी वाचायला उभा राहिलो तसे ते उठून बाहेर गेले. चिंचेखाली पाठमोरे उभे राहिले. माझं वाचन संपेपर्यंत आत आले नाहीत.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कागद त्यांच्या कानावर पडायचा नव्हता, तो माझ्या तोंडून जायचा होता, एवढंच होतं ते. हे समजायला मला पुष्कळ वर्षं लागली.

कागदात लिहिलं होतं, खेचरांच्या पलटणीत माणसं हवीत. सामान वाहायचं, जनावरं सांभाळायची. सोमा मिशनचे बैल राखायचा. मारकुटा बैलही त्याच्या हाताखाली शेळीसारखा चालायचा. एकोणीस वर्षांचा होता. त्याला आगगाडीतून लांब जायचं होतं. त्या वयात कोणाला नसतं.

मी शाळेच्या पायरीवर पाट्या पुसत होतो. तो येऊन बसला. म्हणाला, "हत्यार धरा लागल का दादा?"

मी म्हणालो, नाही. खेचरं सांभाळायची आहेत.

"आन् कसम?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. पण मी मास्तर होतो. ठाऊक नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "सगळे एका सुरात म्हणतात. तू ओठ मिटून उभा राहा. देवाला कळतं."

बस. एवढं मी सांगितलं.

स्टेशनाजवळच्या मैदानात वीसेक जणांची रांग उभी केली. हवालदार एकेक तुकडा म्हणायचा, रांग त्याच्यामागून म्हणायची. बादशहाचं नाव, इमान, हुकूम. मी बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभा होतो. सोमा रांगेत तिसरा होता. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो. त्याचे ओठ हलले नाहीत. एकदाही नाही. शेवटच्या तुकड्याला त्याने माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांतल्या डोळ्यांत हसला. लहानपणी आईची नजर चुकवून गुळाचा खडा घेतल्यावर हसायचा तसा. मग त्याने भरतीच्या कागदावर अंगठा लावला. अंगठ्याचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांनी तो परत आला. भर दुपारी. मी पोरांना पाढे म्हणायला लावले होते. दारात उभा राहिला. लष्करी बूट गळ्यात अडकवलेले, पाय फुटलेले. जबलपूरच्या छावणीतून लोहमार्गाच्या कडेकडेने चालत आला होता. तिथे त्यांच्या हातात संगिनी दिल्या होत्या आणि पेंढा भरलेल्या पोत्यात खुपसायला लावलं होतं. सोमाने संगीन खाली ठेवली. हवालदाराने मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली, पुन्हा मारलं. तिसऱ्या दिवशी त्याने हवालदाराला सांगितलं, मी आता घरी जाऊन राहिलो. आणि निघाला. हवालदाराला ती थट्टा वाटली असावी.

मी घाबरलो. म्हणालो, अरे हे पळून येणं झालं. याला तुरुंग आहे.

तो चकित झाला. खरोखर चकित झाला. "मी कसमच नाही घेतली ना दादा. मंग मी कोणाचा बांधला?"

त्याच्या मनात कुठेच भीती नव्हती. म्हणून तो लपला नाही. रोवणीचे दिवस होते, बैल घेऊन बांधीत, भाताच्या खाचरात, चिखल करायला गेला. कोतवालाने विचारलं, कधी आलास, तर त्याला सगळं सांगून मोकळा झाला. जबलपूरपासूनचं. वर हेही सांगितलं की मी कसम घेतली नव्हती, दादाने पाहिलं आहे, पाहिजे तर त्याले विचारा.

पोलीस त्याला बांधीतूनच घेऊन गेले. गुडघ्यापर्यंत चिखल तसाच होता. लष्करी बूट पुरावा म्हणून घरून आणून त्याच्या गळ्यात पुन्हा अडकवले.

म्हणून मी त्या दिवशी कचेरीत होतो. सोमानेच माझं नाव सांगितलं होतं. त्याचं सगळं माझ्या एका शब्दावर टांगलेलं आहे असं त्याला वाटत होतं. दादा सांगेल, ओठ मिटले होते. मग हुजूर म्हणतील, मग तू मोकळा.

आणि मी अंगणात पुस्तक डोक्यावर धरून उभा होतो. किती वेळ ते सांगता येत नाही. सावली पायाखालून सरकून एका बाजूला गेली होती. हात भरून आले होते.  पण खरं सांगायचं तर त्या उन्हाने मी मोडलो नाही. मी आणखी उभा राहिलो असतो. मला मनातून बरंही वाटत होतं. साहेबांच्या आजोबांची आठवण येत होती. वाटत होतं, आता मीही त्यांच्यातला झालो.

मग पाद्री साहेब ओट्यावरून उतरून आले. मला वाटलं, माझ्या शेजारी उभे राहतील. एवढंच वाटलं. पुस्तक उतरवा असं त्यांनी म्हणावं, असंही मला वाटलं नाही. नुसतं शेजारी उभं राहावं.

ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, हट्ट करू नका. तुम्हीच त्याला लपवलं असं ते लिहिणार आहेत. शाळेचा विचार करा. तुम्ही लोक दुबळे आहात हे प्रभूला ठाऊक आहे. तो तुम्हाला माफ करील."

दुबळे आहात. तुम्ही लोक.

मॅजिस्ट्रेटने माझ्या बापाच्या ढोरांची गोष्ट काढली तेव्हा मला तेवढं लागलं नव्हतं. ते ऐकायची आमच्या कानांना सवय होती. पण हे वाक्य आत गेलं. सोळा वर्षं त्यांच्या मांडीशी बसून मी शिकलो. त्यांचा आजोबा मी आपला केला. आणि त्यांच्या हिशेबी ते सगळं फक्त ऐकून रडण्यापुरतं होतं. तसं वागण्याचं काम त्यांच्या लोकांचं. आमच्यासाठी माफी.

मी पुस्तक खाली घेतलं. आत गेलो. त्यावर हात ठेवला. पेशकार म्हणाला ते सगळं म्हणालो. माझे ओठ चांगले हलले.

मॅजिस्ट्रेटने विचारलं, "इसने तेरे सामने कसम ली थी?"

पिंजऱ्यात सोमा ताठ झाला. या प्रश्नाचीच तर तो वाट बघत होता.

माझ्या डोळ्यांसमोर शाळा होती. मिशनने दिलेली खोली होती. लपवल्याचा गुन्हा होता. शपथ घेऊन मी आधीच बाटलो होतो, आता खाली पडायला आणखी काय उरलं होतं, असंही काहीतरी होतं. मी म्हणालो, "हो. घेतली होती."

सोमा ओरडला नाही. समजलं नसावं तसा म्हणाला, "दादा, माहे ओठ मिटले होते ना?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. टेबलाला शाईचे डाग होते.

शिपायाने त्याच्या कमरेला दोर बांधला. जाताना तो माझ्याजवळून गेला.  बूट अजून त्याच्या गळ्यातच होते.

आई बाहेर पिंपळाखाली बसली होती. आत काय झालं ते तिला लोकांनी सांगितलं. आम्ही दोघं कुडव्याच्या वाटेने परत चाललो. ती पुढे, मी मागे. कोस संपत आला तेव्हा ती थांबली. मागे न वळता विचारलं, "पुस्तक लय जड होतं का रे?"

पुढे ती अकरा वर्षं जगली. माझ्या हातचं जेवली, माझ्याशी बोलली. पण त्या दिवसाबद्दल तिने विचारलं ते एवढंच.

सोमाला पुन्हा पलटणीत नेलं आणि तिकडून बसऱ्याला धाडलं. सहा महिन्यांनी कागद आला की तापाने वारला. इंग्रजीत होता. पाद्री साहेबांनी वाचून दाखवला. देवळात त्याच्यासाठी प्रार्थना झाली. साहेबांनी त्याला विश्वासू सेवक म्हटलं. कोणाचा ते सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मला एका वकिलाने सांगितलं की शपथ नको असेल तर नुसतं खरं सांगेन म्हणायची मोकळीक कायद्याने सगळ्यांनाच होती. साहेबांना आणि मलाही. त्याने हेही सांगितलं की सोमाने ओठ हलवले की नाही याने काही फरक पडला नसता. अंगठा पुरेसा होता. तुम्ही काहीही बोलला असता तरी तो गेलाच असता, मास्तर. हे त्याने मला धीर यावा म्हणून सांगितलं.

मला धीर आला नाही. सोमाला कायदा ठाऊक नव्हता. तो समुद्रापलीकडे गेला तो एवढंच घेऊन की दादा खोटं बोलला. मरताना त्याच्याजवळ तेवढंच होतं.

मी मास्तरच राहिलो. शाळा चालवली. गोंदियात झेंडे घेऊन मिरवणुका निघाल्या, माणसं तुरुंगात गेली, तेव्हा साहेबांनी सांगितलं, बघायलाही जाऊ नका. मी पोरांना घेऊन दार लावून बसलो. कोणत्याही राज्याच्या बाजूने किंवा विरुद्ध मी काही केलं नाही. याला आम्ही पावित्र्य म्हणायचो.

मग दुसरी लढाई आली. जुने साहेब केव्हाच परत गेले होते. नवे तरुण होते, भले होते, माझ्याच खाटेवर बसायचे. एका सकाळी त्यांनी मला कागद दिला. मोटारी चालवायला माणसं हवीत, हत्यार धरावं लागणार नाही. रविवारी वाचून दाखवा.

मी विचारलं, साहेब, तुमच्या देशात तुमच्या वयाच्या पोरांना नेतात ना? तुम्ही कसे आलात?

ते मोकळेपणाने म्हणाले, "मला विवेकाच्या कारणाने सूट मिळाली. धर्मात बंदूक मना असेल तर तिथे तशी सूट देतात."

मी म्हणालो, आमच्या पोरांना मिळेल?

ते म्हणाले, इथे सक्ती नाही, म्हणून सूटही नाही. आणि मग, जणू आठवल्यासारखं, म्हणाले, "शिवाय ती गोष्ट इथल्या लोकांना समजावणं कठीण आहे."

रविवारी प्रार्थना झाली. मी कागद घेऊन उभा राहिलो. साहेब उठून बाहेर गेले. त्यांना ही रीत कोणी शिकवली ठाऊक नाही. ते चिंचेखाली पाठमोरे उभे राहिले.

मी म्हणालो, "हा कागद मी वाचणार नाही." आणि जे इथे लिहिलं ते सगळं सांगितलं. पायरीवर मी सोमाला काय सांगितलं. दोरीच्या अलीकडून काय पाहिलं. कचेरीत काय बोललो.  कोणी रडलं नाही. पुढच्या रांगेत एक म्हातारी होती, सोमाला खेळवलेली. ती म्हणाली, "आता सांगून राहिला मास्तर? एवढे वर्सं कोठी होता?"

मी म्हणालो, इथेच होतो, काकी.

आत शांतता झाली तसं साहेबांना वाटलं, वाचून झालं. ते आत आले आणि त्यांनी शेवटचं गीत सुरू केलं. लोक उठले आणि गायले.

तो कागद बाजारातही लागला होता. त्या आठवड्यात तीन पोरं भरतीला गेली. माझं ऐकूनही गेली. त्यातल्या एकाला मी मुळाक्षरं शिकवली होती. मी काय बोललो ते साहेबांना कळलं तेव्हा मला शाळेतून काढलं, खोली सोडायला सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगितलं. मी काहीही थांबवू शकलो नाही. हे लपवण्यात अर्थ नाही.

खोली सोडल्यावर मी गोंदियाच्या कचेरीत गेलो. कारकुनाला म्हणालो, पहिल्या लढाईत मी एक साक्ष दिली होती, ती खोटी होती, मला ती बदलायची आहे. त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, त्या वेळचे कागद कुठे असायला. कधीच जाळले. "और वो आदमी तो मर गया न? फिर बयान किसको चाहिए?"

कोणाला नको असेल. तरी ती साक्ष मी देणार. म्हणून हे लिहिलं. आता मला शाळा नाही, खोली नाही, माफ करणारे साहेब नाहीत. कोणी माझ्यापुढे शास्त्र धरलं तर मी हात मागे घेईन. डोक्यावर ठेवलं तर खाली उतरवीन आणि उभा राहीन. दुबळ्यांसाठी ठेवलेली माफी मी घेणार नाही. यापुढे कोणत्याही साहेबाचा, सरकारचा, देवळाचा कागद माझ्या तोंडून वाचला जाणार नाही. ज्याला वाचायचा असेल त्याने स्वतः आत येऊन वाचावा.

शपथ न घेता सांगतो. स्टेशनाजवळच्या मैदानात रांगेत तिसरा माझा भाऊ होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. माझ्या भावाने शपथ घेतली नव्हती.